घरात आलेले इंग्रजी वाचू या



"आम्हाला कुठलं आलंय इंग्रजी!" असे गावात पुष्कळ जण म्हणतात. पण हीच माणसे दिवसभर काय बोलतात ते जरा कान देऊन ऐका. "लाइट गेलीया, मोटर बंद पडली, बॅटरी कुठं ठेवलीस?" "यष्टी चुकंल, आधी तिकिटाचं पैसं काढ." एवढ्या बोलण्यात लाइट, मोटर, बॅटरी, एसटी आणि तिकीट असे पाच इंग्रजी शब्द आले. यांतली एसटी म्हणजे स्टेट ट्रान्सपोर्ट, राज्याची वाहतूक. तिची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. गाडीबरोबर स्टँड, कंडक्टर, ड्रायव्हर, पास हे शब्दही गावोगाव पोहोचले.

म्हणजे इंग्रजी आपल्या तोंडात आहेच. अडते ते वाचताना. महाराष्ट्रात इंग्रजी विषय पहिलीपासून सुरू झाला तो 2000 साली. त्याआधी मराठी शाळेत तो पाचवीपासून असे. म्हणून घरात इंग्रजी छापलेला कागद आला की तो आपल्या हातात येतो. "वाच की रं, शाळंत जातोस न्हवं?" त्या वेळी आपल्याला तो नीट वाचता आला पाहिजे. कागद उसाच्या वजनाचा असेल तर वर्षाच्या कमाईचा प्रश्न असतो. बाटली औषधाची असेल तर जिवाचा प्रश्न असतो.

या पाठात आपण असेच रोजचे शब्द घेऊ. प्रत्येक शब्दाचे स्पेलिंग, उच्चार, अर्थ आणि एक वाक्य पाहू. वही-पेन्सिल घेऊन उभे राहा.

आधी उच्चाराचे पाच नियम

1. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. "मिल" म्हणजे गिरणी किंवा कारखाना. "मील" म्हणजे जेवण. म्हणून "शुगर मिल" म्हणा. "शुगर मील" म्हटले तर साखरेचे जेवण होईल!

2. चंद्र विसरू नका. दुधातला स्निग्धांश म्हणजे "फॅट". चंद्र काढला की भिंतीतली फट झाली.

3. स आणि झ वेगळे. "प्राइस" म्हणजे भाव, "प्राइझ" म्हणजे बक्षीस. उसाला मिळते ती प्राइस, धावण्याच्या शर्यतीत मिळते ते प्राइझ.

4. काही अक्षरे लिहायची, पण बोलायची नाहीत. पावतीला इंग्रजीत म्हणतात "रिसीट". स्पेलिंग आहे आर-ई-सी-ई-आय-पी-टी. यातला पी मुका आहे. "रिसीप्ट" म्हणू नये.

5. शब्दाच्या आधी इ लावू नका. "इस्कूल" नव्हे, "स्कूल". "इस्टेशन" नव्हे, "स्टेशन". स वर जीभ ठेवून थेट पुढे जा. दहा वेळा म्हणा, जमेल.

काट्यावरची चिठ्ठी

आपले बिद्री हे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचे गाव. हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. उसाने भरलेली गाडी काट्यावर चढते, तिचे वजन होते. ऊस उतरला की रिकाम्या गाडीचे पुन्हा वजन होते. या दोन वजनांतून उसाचे वजन निघते. काट्याच्या चिठ्ठीवर हे तीन शब्द पाहायचे असतात.

ग्रोस. स्पेलिंग जी-आर-ओ-एस-एस. आपण "ग्रॉस" म्हणतो, पण खरा उच्चार "ग्रोस", "दोस" यमक जुळेल असा. अर्थ: एकूण वजन, गाडी आणि ऊस मिळून.

टेअर. स्पेलिंग टी-ए-आर-ई. "टारे" नव्हे. अर्थ: रिकाम्या गाडीचे वजन.

नेट. स्पेलिंग एन-ई-टी. अर्थ: निव्वळ वजन, म्हणजे नुसत्या उसाचे.

आता गणित. ग्रोस 27 टन 450 किलो, टेअर 9 टन 200 किलो. वजा केले की नेट आले 18 टन 250 किलो. पैसे मिळतात ते नेटचे. म्हणून चिठ्ठी घरी आली की ही वजाबाकी करून पाहायची. बेरीज-वजाबाकी मराठीत शिकलो आणि शब्द इंग्रजीत, दोन्हीची गाठ येथे पडते.

वजनाला इंग्रजीत म्हणतात "वेट". स्पेलिंग डब्ल्यू-ई-आय-जी-एच-टी. जी आणि एच मुके. थांबणे यालाही "वेट"च म्हणतात, पण त्याचे स्पेलिंग डब्ल्यू-ए-आय-टी.

वाक्य: "द नेट वेट इज ऑन द स्लिप." निव्वळ वजन चिठ्ठीवर आहे.

एफआरपी म्हणजे काय?

हा शब्द आपल्याकडे चहाच्या टपरीपासून मोर्चापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. लहान पोरेही म्हणतात. पण ही तीन अक्षरे कशाची, असे विचारले की सगळे एकमेकांकडे बघतात. ती अशी:

एफ म्हणजे फेअर. स्पेलिंग एफ-ए-आय-आर. अर्थ: रास्त, न्याय्य. याच शब्दाचा दुसरा अर्थ जत्रा. "वुई गो टू द फेअर ॲट आदमापूर." आम्ही आदमापूरच्या जत्रेला जातो. कुठला अर्थ घ्यायचा ते वाक्यावरून कळते.

आर म्हणजे रिम्यूनरेटिव्ह. शब्द लांब आहे, तुकडे पाडून म्हणा: रि-म्यू-न-रे-टिव्ह. अर्थ: कष्टाचा मोबदला देणारा, किफायतशीर.

पी म्हणजे प्राइस. स्पेलिंग पी-आर-आय-सी-ई. अर्थ: भाव, दर.

तिन्ही मिळून "रास्त आणि किफायतशीर दर". उसाचा हा किमान दर केंद्र सरकार ठरवते. 2009 पूर्वी याच जागी एसएमपी होती: स्टॅट्युटरी मिनिमम प्राइस, म्हणजे कायद्याने ठरवलेला किमान भाव. नवे नाव आले तेव्हा भाव ठरवताना शेतकऱ्याला खर्चावर थोडा नफाही सुटावा, हा विचार त्यात घातला गेला. "किफायतशीर" हा शब्द त्याचसाठी. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत असे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिले आहे. पाहा, एका शब्दाच्या पोटात केवढी गोष्ट दडलेली असते.

याच्या जोडीचा शब्द "रिकव्हरी". अर्थ: उतारा. 100 किलो उसातून 12 किलो साखर निघाली तर रिकव्हरी 12 टक्के. एफआरपी या उताऱ्याशी बांधलेली असते. दवाखान्यात मात्र रिकव्हरी म्हणजे आजारातून बरे होणे.

दूध संस्थेची चिठ्ठी

आपल्या जिल्ह्याचा दूध संघ गोकुळ, स्थापना 1963. गावच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध घातले की चिठ्ठी मिळते. तिच्यावर दोन गोष्टी असतात.

फॅट. स्पेलिंग एफ-ए-टी. अर्थ: दुधातला स्निग्धांश, ज्याचे लोणी-तूप होते.

एसएनएफ. एस म्हणजे सॉलिड्स, घन पदार्थ. एन म्हणजे नॉट, नाही. एफ म्हणजे फॅट. अर्थ: फॅट सोडून दुधात जे घन उरते ते, प्रथिने, दुधातली साखर आणि क्षार.

दुधात पाणी पडले तर दोन्ही आकडे खाली येतात. दुधाचा दर या दोन आकड्यांवरून ठरतो. म्हशीच्या दुधात फॅट जास्त असते, म्हणून त्याला दरही जास्त.

वाक्य: "बफेलो मिल्क हॅज मोअर फॅट." म्हशीच्या दुधात जास्त फॅट असते.

बँकेचा मेसेज

उसाचे, दुधाचे बिल आता बँकेत जमा होते आणि मोबाइलवर इंग्रजीत मेसेज येतो. आजोबा विचारतात, "आलं का गेलं?" उत्तर एका शब्दात असते.

क्रेडिटेड. मूळ शब्द क्रेडिट, सी-आर-ई-डी-आय-टी. अर्थ: खात्यात पैसे जमा झाले.

डेबिटेड. मूळ शब्द डेबिट, डी-ई-बी-आय-टी. अर्थ: खात्यातून पैसे गेले.

बॅलन्स. अर्थ: शिल्लक.

ओटीपी. वन टाइम पासवर्ड. वन टाइम म्हणजे एकदाच. पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द, किल्ल्याच्या दरवाजावर सांगायचा तसा. पहारेकऱ्याला सांगायचा परवलीचा शब्द शत्रूला सांगतात का? मग फोनवरच्या अनोळखी माणसाला ओटीपीही सांगायचा नाही. बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही.

वाक्य: "डू नॉट शेअर द ओटीपी." ओटीपी कुणाला सांगू नका. हेच वाक्य मेसेजच्या शेवटी असते आणि तेच पुष्कळदा कुणी वाचत नाही.

औषधाची बाटली आणि डॉक्टरांची चिठ्ठी

एक्स्पायरी. स्पेलिंग ई-एक्स-पी-आय-आर-वाय. अर्थ: मुदत संपणे. औषधावर ते थोडक्यात ई-एक्स-पी असे छापतात. पुढे महिना आणि वर्ष असते. 06/2027 असेल तर जून 2027 च्या शेवटच्या दिवसापर्यंत ते औषध चालते, नंतर नाही. जवळच एम-एफ-जी असते, ती औषध तयार केल्याची तारीख. दोन्हींत गल्लत करू नये.

डोस. स्पेलिंग डी-ओ-एस-ई. अर्थ: एका वेळी घ्यायचे औषध.

शेक वेल बिफोर यूज. शेक म्हणजे हलवा, वेल म्हणजे चांगले, बिफोर यूज म्हणजे वापरण्याआधी. औषध तळाला बसते, म्हणून न हलवता घेतले तर आधी पातळ आणि शेवटी फार कडक डोस पोटात जातो.

फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली. एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचे, ओन्ली म्हणजे फक्त. अर्थ: फक्त बाहेरून लावायचे, प्यायचे नाही. हे चार शब्द आजच पाठ करा. चोळायच्या तेलाची बाटली आणि खोकल्याच्या औषधाची बाटली फळीवर शेजारी-शेजारी असतात, आणि रात्री लाइट गेलेली असते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीपुढे "बीडी" लिहिलेले दिसले तर हसू नका. ती ओढायची बिडी नव्हे! ही लॅटिन भाषेतली खूण आहे. अर्थ: दिवसातून दोन वेळा. "ओडी" म्हणजे दिवसातून एकदा. "टीडीएस" म्हणजे दिवसातून तीन वेळा. शंका आली तर औषध दुकानदाराला विचारून घ्यावे, अंदाजाने देऊ नये.

वाक्य: "टेक वन टॅब्लेट आफ्टर फूड." जेवणानंतर एक गोळी घ्या.

फवारणीच्या औषधाचा डबा

हा भाग पालकांनीही जरूर वाचावा. कीटकनाशकाच्या डब्यावर एक तिरका चौकोन असतो. त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. वरच्या त्रिकोणात शब्द, खालच्या त्रिकोणात रंग. हे 1971 च्या कीटकनाशक नियमांनी ठरवून दिलेले आहे.

लाल रंग: अत्यंत विषारी. कवटी आणि हाडांचे चित्र, सोबत "पॉयझन" हा शब्द.

पिवळा रंग: खूप विषारी. येथेही "पॉयझन".

निळा रंग: मध्यम विषारी. शब्द "डेंजर".

हिरवा रंग: कमी विषारी. शब्द "कॉशन".

पॉयझन. स्पेलिंग पी-ओ-आय-एस-ओ-एन. एस लिहायचा पण झ बोलायचा. अर्थ: विष.

डेंजर. स्पेलिंग डी-ए-एन-जी-ई-आर. जी असला तरी उच्चार ज. अर्थ: धोका.

कॉशन. स्पेलिंग सी-ए-यू-टी-आय-ओ-एन. शेवटच्या टी-आय-ओ-एन चा उच्चार "शन". स्टेशन, राशन या शब्दांतही तेच. अर्थ: सावध राहा.

नीट लक्षात ठेवा: रस्त्यावर हिरवा दिवा म्हणजे "जा". डब्यावर हिरवा रंग म्हणजे "काही होत नाही" असे मुळीच नाही. तेही विषच, फक्त इतरांपेक्षा कमी. रिकाम्या डब्यात पाणी, तेल, रॉकेल काही भरू नये.

डब्यासोबतच्या कागदावर "अँटिडोट" हा शब्द असतो. अर्थ: विषावरचा उतारा. फवारताना कुणाला चक्कर आली, उलटी झाली तर माणसाबरोबर तो डबा आणि कागदही दवाखान्यात न्या. डॉक्टर त्यावरून कोणते विष आहे ते ओळखतात. "औषध कसलं होतं?" या प्रश्नाला "पांढऱ्या डब्यातलं" हे उत्तर उपयोगाचे नाही.

आपण वेगळ्याच अर्थाने वापरतो ते शब्द

बॅटरी: आपण हातात धरून उजेड पाडतो तिला बॅटरी म्हणतो. इंग्रजीत ती "टॉर्च". बॅटरी म्हणजे आत घालायचे सेल.

लाइट गेली: लाइट म्हणजे उजेड किंवा दिवा. इंग्रजीत म्हणावे, "देअर इज नो पॉवर." वीज नाही.

हॉटेल: आपण चहा-भजीच्या दुकानालाही हॉटेल म्हणतो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची सोय असलेली जागा. चहाचे दुकान म्हणजे "टी स्टॉल".

आणि परके वाटणारे सगळेच शब्द इंग्रजी नसतात. बटाटा, पाव, चावी, पगार, घमेले हे पोर्तुगीजांकडून आलेले आहेत.

वाक्य कसे जोडायचे?

मराठीत क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याच्या लगेच पुढे येते.

बाबा ऊस कारखान्याला नेतात.
"फादर टेक्स शुगरकेन टू द फॅक्टरी."

येथे बाबा, मग नेतात, मग ऊस, मग कारखान्याला असा क्रम झाला. आणखी एक गंमत: मराठीत "ला", "त", "वर" शब्दाच्या शेपटीला लागतात. इंग्रजीत "टू", "इन", "ऑन" शब्दाच्या पुढे चालतात. कारखान्याला, "टू द फॅक्टरी". बाटलीत, "इन द बॉटल". चिठ्ठीवर, "ऑन द स्लिप".

मी नेतो म्हणायचे तर "आय टेक". तो किंवा ती नेते म्हणायचे तर शेवटी स लावून "टेक्स". एवढे दोन नियम धरले तरी रोजची पन्नास वाक्ये करता येतील.

आपणही त्यांना शब्द दिले आहेत

शब्द नुसते तिकडून इकडे येत नाहीत. ज्या साखरेने आपले गाव ओळखले जाते तिचेच पाहा. संस्कृत "शर्करा" इराणात गेली, तिथे "शकर" झाली. अरबांनी "सुक्कर" केले. पुढे युरोपात फिरत फिरत इंग्रजांच्या घरी ती "शुगर" झाली. आपली "खंड", म्हणजे खडीसाखर, तशीच प्रवास करून "कँडी" झाली. आणि उसाच्या बांधावर दिसणारे आपले मुंगूस इंग्रजीत "मंगूस" झाले, तो शब्द तर मराठीतूनच गेला. तेव्हा इंग्रजीला भिण्याचे कारण नाही. तिच्या घरात आपलेही भांडे-कुंडे आहे.

स्वाध्याय

1. ग्रोस 24 टन 600 किलो, टेअर 8 टन 350 किलो. नेट किती?
2. मोबाइलवर "डेबिटेड" असा मेसेज आला. पैसे आले की गेले?
3. "रिसीट" या शब्दात कोणते अक्षर मुके आहे?
4. डब्यावर निळा त्रिकोण आहे. वर कोणता शब्द असेल?
5. "दूध बाटलीत आहे" हे इंग्रजीत सांगा.
6. घरी जाऊन औषधाच्या सर्व बाटल्या व गोळ्यांच्या पाकिटांवरची एक्स्पायरी वाचा. मुदत संपलेली औषधे मोठ्या माणसांना दाखवा. स्वतः टाकू नका, चाखू नका.

उत्तरे: 1. 16 टन 250 किलो. 2. गेले. 3. पी. 4. डेंजर. 5. "द मिल्क इज इन द बॉटल." 6. याचे उत्तर तुमच्या घरातल्या फळीवर आहे.

पालकांना एक विनंती. मूल चिठ्ठी वाचताना अडखळले तर "एवढंही येत न्हाई व्हय?" असे म्हणू नका. शब्द तुम्हाला तोंडी माहीत असतो, स्पेलिंग मुलाला माहीत असते. दोघे शेजारी बसा. तुम्ही अर्थ सांगा, मूल अक्षरे लावील. आज रात्री घरातली एक चिठ्ठी, एक बाटली एवढेच घ्या आणि मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या.